सोमवारचे जबडे

“आता गिळा, मावशी,” मी म्हणालो.

खुर्चीतल्या हौसाबाईंनी डोळे मिटले, मान जराशी उचलली आणि आवंढा गिळला. इतक्या मनोभावे गिळला, की बघणाऱ्याला वाटावं तीर्थ घेतलं. पडद्यावरच्या हिरव्या रेघेनं एक शेवटचं वेटोळं काढलं आणि ती थांबली.

“बघितलंस, तोडकर?” माझ्या मागून कारखानीस सरांचा आवाज आला. ते नेहमीच्या उंच स्टुलावर पायावर पाय टाकून बसले होते. “एकही वेटोळं मर्यादेबाहेर नाही. बाईचा जबडा बोलताना कसाही सुटू दे, चावताना तो मर्यादेतच राहतो.”

सरांनी विनोद केला की हसायचं, हे आमच्या अभ्यासक्रमात नसलं तरी आम्ही पहिल्या वर्षीच शिकलो होतो. मी हसलो. हौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. दातांवर चिकटवलेलं चुंबक काढायला तोंड उघडा म्हटलं, तर चिमटा जेमतेम आत जाईल एवढीच फट केली. चुंबक निघाल्याबरोबर पदर तोंडाला लावून त्या लगबगीनं बाहेर गेल्या. तोंडाला चिकटवणीची चव येते म्हणून बायका चूळ भरायला पळतात, अशी माझी समजूत होती.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमधली. कृष्णाकाठच्या एका दंतवैद्यक कॉलेजात मी पदव्युत्तर अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझे मित्र शिकवतात. माझा विषय कवळ्यांचा आणि प्रबंध जबड्याच्या हालचालींवर. लोकांना वाटतं, जबडा दारासारखा नुसता उघडतो आणि मिटतो. तसं नसतं. घास चावताना तो खाली येतो, एका बाजूला सरकतो, वळून वर जातो आणि पुन्हा खाली येतो. ही फेरी प्रत्येकाची वेगळी. कवळी करणाऱ्याला ती ठाऊक नसेल, तर कवळी दिसायला सुरेख होते आणि पहिल्याच भाकरीला ताटात पडते.

ही फेरी टिपायचं यंत्र सरांनी मुंबईच्या एका कंपनीकडून दोन महिन्यांसाठी मागून आणलं होतं. खालच्या पुढच्या दातांवर तुरीच्या डाळीएवढं चुंबक चिकटवायचं, डोक्यावर एक हलकी चौकट चढवायची आणि माणसाला काहीतरी चावायला द्यायचं. चुंबक हललं की चौकटीला ते कळायचं आणि संगणकाच्या पडद्यावर हिरवी रेघ वेटोळी काढत सुटायची. चावायला काय द्यायचं, यावर सरांनी आठ दिवस खल केला. शेवटी बिनमिठाचे फुटाणे ठरले, प्रत्येकाला मोजून पाच. “सर्वत्र मिळतात, सर्व जण सर्वकाळ खातात,” असं सर म्हणाले आणि ते वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घातलं.

यंत्र आमच्या वाट्याला आठवड्यातून दोनच दिवस यायचं. सोमवार बायकांचा आणि गुरुवार पुरुषांचा. पुरुष म्हणजे मार्केट यार्डातले हमाल. बायका आणण्याचं काम आमच्या विभागातल्या आया आक्काताई लोहार यांच्याकडे होतं. त्या आपल्या गल्लीतून दर सोमवारी सहा बायका घेऊन यायच्या आणि मोबदल्यात त्या बायकांचे दात फुकट साफ करून मिळायचे. हौसाबाई चोविसाव्या आणि शेवटच्या.

निकाल असा लागला होता की पाहत राहावं. हमालांची वेटोळी आंब्याच्या कोयीएवढी आणि बायकांची चिंचोक्याएवढी. एक नाही, दोन नाही, चोवीसच्या चोवीस. सर हरखून गेले होते. हैदराबादच्या परिषदेत वाचायचा निबंध त्यांनी तिसऱ्याच सोमवारी लिहून काढला. बाईची चावण्याची गती मुळातच सौम्य असते, असा त्यांचा सिद्धान्त. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढच्या महिन्यातल्या मोफत कवळी शिबिरात बायकांना बोथट, सपाट दातांच्या कवळ्या द्याव्यात, असा कागदही त्यांनी तयार करून ठेवला. टोकदार दात बायकांना लागतातच कशाला, असा हिशेब.

माझं त्या सिद्धान्ताशी काहीच भांडण नव्हतं. ऑगस्ट संपायच्या आत प्रबंधावर सरांची सही झाली की ऑक्टोबरात परीक्षा. परीक्षा झाली की नाशिकच्या कॉलेजात जागा, ती माझ्यासाठी अडवून ठेवलेली. सही चुकली तर परीक्षा एप्रिलला आणि जागा दुसऱ्याला. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. त्यांनी डेपोत पेढेसुद्धा वाटले होते. अजून परीक्षा झाली नाही, असं मी फोनवर म्हणालो, तर ते म्हणाले, “तू ते बघू नकोस. तू फक्त सही घे.”

तर हौसाबाई गेल्या. सर गेले. मी सामान आवरून व्हरांड्यात आलो आणि मला मुंग्या दिसल्या. भिंतीच्या कडेनं त्यांची रांग चालली होती ती थेट क्रोटनच्या मोठ्या कुंडीत. मी कुंडीत वाकून बघितलं. पानांच्या खाली, मातीवर फुटाणे पडले होते. दहा-वीस नव्हे, शंभराच्या वर असतील. काही जुने, काळवंडलेले, काही अगदी ओले. मी चिमट्यानं एक उचलला, दुसरा उचलला, दहावा उचलला. एकावरही दाताची खूण नव्हती.

मी तिथंच उकिडवा बसलो. मग हाक मारली. “आक्का.”

आक्काताई हातात झाडू घेऊन आल्या. कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला. पन्नाशीची, उंच, कुणाला न भिणारी बाई. डीनसाहेबसुद्धा त्यांच्याशी जपून बोलायचे.

“हे काय आहे?”

“फुटाणं.”

“ते दिसतंय मला. कुंडीत कसे आले?”

“मोरीत टाकीत हुतो आधी,” आक्काताई म्हणाल्या. “पयल्या सोमवारी दुसऱ्याच बाईला मोरी तुंबली. मग म्हटलं कुंडी बरी.”

“अहो, पण टाकलेत कशाला? खायला दिले होते ना?”

“सोमवारी?”

“मग?”

“डाक्टर, आज वार कुठला? म्हैना कुठला?” त्यांनी अशा सुरात विचारलं, की मला शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. “शिरावण चाललाय न्हवं का? शिरावणातल्या सोमवारी दिवस मावळायच्या आत कुठली बाई फुटाणं खाईल? तुमीच सांगा.”

त्याच सकाळी मी मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. चारही सोमवारी खाल्ली होती, वर दुसऱ्यांदा मागून घेतली होती. खिचडी का केली आहे, हा प्रश्न माझ्या शिकलेल्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

“मग त्या चावत काय होत्या?”

“चावत कुठं हुत्या? तोंड हालवत हुत्या.” आक्काताईंनी गाल फुगवून दाखवला. “दोन डाव्या गालात, तीन उजव्या गालात. म्या हितंच व्हरांड्यात तालीम घ्यायची येकेकीची. गिळला तर उपास मोडतो, नुसता धरला तर न्हाई मोडत. पर दाण्याला दात लागता कामा नये. म्हनून सांगितलं, लई तोंड उघडू नगा, जबडा बेतानं हालवा.”

बेतानं. म्हणजे स्त्रीच्या चर्वणाची ती उपजत सौम्यता, जिच्यावर हैदराबादला चाळीस मिनिटांचं व्याख्यान व्हायचं होतं, ती आक्काताईंनी क्रोटनच्या कुंडीशेजारी उभं राहून शिकवलेली होती.

“आक्का, तुम्ही नाही म्हणायचं होतं,” मी म्हणालो. मला खरंच रडू यायच्या बेतात होतं. “तो धोंडिबा हमाल नाही का, गुरुवारी आला आणि सरळ म्हणाला, आज माझा दत्ताचा उपास आहे, पुढल्या खेपेला येतो. सरांनी त्याला चहा देऊन पाठवलं.”

“त्यो बाप्या हाय. त्यानं न्हाई म्हटलं तर सर म्हनले, भाविक मानूस हाय. आमी न्हाई म्हटलं असतं तर म्हनले असते, आडानी बाया.” आक्काताईंनी झाडू उचलला. “येवडा मोठा डाक्टर येवड्या मायेनं दानं देतोय, त्याला न्हाई कसं म्हनायचं? त्याचंबी मन मोडलं न्हाई आन् म्हादेवाचंबी मोडलं न्हाई.”

“माझं मोडलं.”

“तुमचं काय बिघडलं? सांगू नगा कुनाला. कुंडी म्या साफ करते.”

आणि त्यांनी खरंच खुरपं आणलं. त्यांनी वरची माती उकरली आणि सहज विचारावं तसं विचारलं, “त्या शिबिरात कवळ्या द्येनार हाईत, त्या कशाच्या? माज्या सासूचं नाव लिवलंय म्या.”

“बायकांना सपाट दातांच्या देणार आहेत. तुमची वेटोळी बघून ठरवलं सरांनी.”

खुरपं थांबलं. “सपाट? आन् ती भाकरी कशानं खायाची?”

आक्काताईंनी माती परत होती तशी सारखी केली, खुरपं ठेवलं आणि म्हणाल्या, “मग सांगा डाक्टर. सांगून टाका.”

सांगणं त्यांना सोपं होतं. मंगळवारी सकाळी मी दोनदा सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो, कारण मागे आक्काताई फरशी पुसत उभ्या होत्या आणि परत फिरायला वाट नव्हती. कागदाच्या पुडीतले फुटाणे मी सरांच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं.

डॉ. नीलकंठ कारखानीस हे भले गृहस्थ होते, हे इथंच सांगून टाकतो. शिकवायचे जीव तोडून. गरीब पेशंटची कवळी सैल झाली तर रविवारी येऊन घट्ट करून द्यायचे. फक्त त्यांना स्वतःचं म्हणणं एकदा आवडलं की ते बदलणं जड जायचं. त्यांनी चिमट्यानं एक फुटाणा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, “हा कुंडीतला?”

“हो सर.”

“कशावरून तो आपल्याच प्रयोगातला?”

“सर, शंभरावर आहेत. आणि आक्काताई स्वतः सांगतायत.”

“आक्काताई.” सरांनी फुटाणा खाली ठेवला. “शंभरावर म्हणतोस, पण तेवढ्यानं सगळ्यांनीच तसं केलं हे सिद्ध होत नाही. आणि समजा केलं. गालात धरूनही जबडा हलला तो हललाच ना? मूळ वळण कुठं जातं?”

“सर, नैवेद्य नुसता दाखवणं आणि तो खाणं, यात फरक असतो.”

हे मी कसं बोललो ते मला अजून कळलेलं नाही. सरांनी फुटाण्यांची पुडी मिटली.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “उद्या बुधवार. यंत्र तासभर मागून घेऊ. मी कुमुदला घेऊन येतो. आमच्या घरी उपास-तापास काही नाही. सोमवारी आमच्याकडे बोंबील असतात. तिची वेटोळी या चोवीस जणींसारखी आली तर मी तिथल्या तिथं सही करीन. नाही आली तर चोवीसच्या चोवीस बाद.”

“पण सर, यंत्र महिनाअखेर परत जाणार.”

“मग तुझं नशीब,” सर म्हणाले. रागानं नाही म्हणाले. त्यांना आपल्या निकालाची खात्रीच होती.

एका बाईवरून चोवीस बायकांचा निकाल लावणं कुठल्या शास्त्रात बसत नाही. पण सही ज्यांची, शास्त्रही त्यांचंच. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्या रात्री मी देवाला हात जोडून एवढंच मागितलं, की सरांच्या बायकोला हळू चावायची सवय असू दे.

बुधवारी अकरा वाजता मॅडम आल्या. कन्याशाळेत भूगोल शिकवायच्या. अंगानं बारीक, केसांत पांढऱ्या बटा, सुती साडी आणि खांद्याला शबनम. मी त्यांना कॉलेजच्या समारंभात लांबून पाहिलं होतं. सरांच्या शेजारी बसायच्या आणि फारसं बोलायच्या नाहीत. यंत्र बघून मात्र त्यांनी चौकशी केली. चुंबक कसं चिकटतं, रेघ हिरवीच का, जबडा बाजूला सरकतो तो कुठल्या बाजूला आधी.

“कुमुद, आधी प्रयोग,” सर स्टुलावर बसत म्हणाले.

“हो,” मॅडम म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

मी चुंबक चिकटवलं, चौकट चढवली आणि हातावर मोजून पाच फुटाणे ठेवले. “नेहमीसारखं चावा, मॅडम.”

त्यांनी एकेक फुटाणा तोंडात घेतला. ओठ मिटलेले. डोळे समोर, म्हणजे सरांच्या बुटांच्या आसपास. माझी नजर पडद्यावर आणि जीव मुठीत. हिरवी रेघ निघाली, बारीकशी खाली उतरली, बारीकशी वळली आणि वर गेली. चिंचोका. पुन्हा चिंचोका. पाच फुटाणे खायला त्यांनी इतका वेळ घेतला, की पडद्यावरचं चित्र दोनदा पुढे सरकवावं लागलं, पण वेटोळं काही वाढलं नाही. आवाज तर अजिबात नव्हता. शेवटी मी त्यांचं तोंड उघडून दोन्ही गाल आरशानं तपासले. गाल रिकामे. पाचही फुटाणे खरोखर चावून गिळलेले होते. मी कळ दाबून वेटोळी छापली आणि कागद सरांपुढे ठेवला.

“बोल, तोडकर,” सर म्हणाले.

देवानं माझं ऐकलं होतं. आनंदानं माझे कान गरम झाले होते आणि त्याच वेळी व्हरांड्यातून आत बघणाऱ्या आक्काताईंकडे बघायची हिंमत होत नव्हती.

सरांनी प्रबंधाची प्रत पुढे ओढली, सहीचं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. तेवढ्यात शिपाई आला. डीनसाहेबांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. सरांनी उघडं पेन त्या पानावर आडवं ठेवलं. “दोन मिनिटांत आलो. चौकट उतरव तिची तोवर.”

ते गेले. त्यांच्या बुटांचा आवाज जिना उतरेपर्यंत मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, “फुटाणे उरलेत?”

“आहेत, मॅडम. पुडी भरून आहेत.”

“आण इकडे.”

मी पुडी दिली. त्यांनी पाच मोजले नाहीत. मूठ भरून घेतली.

“यंत्र चालू आहे?”

“बंद केलं.”

“कर चालू.”

मी कळ दाबली. मॅडमनी अर्धी मूठ एकदम तोंडात टाकली आणि चावायला सुरुवात केली. असं चावणं मी हमालांच्या गुरुवारीही ऐकलं नव्हतं. कडाकड आवाज खोलीभर झाला. हिरवी रेघ धाडकन खाली आली, पार एका कडेला गेली, गर्रकन वळली आणि वर चढली. कोय नव्हे, अख्खा आंबा होता तो. दोन वेटोळी तर पडद्याच्या कडेबाहेर गेली आणि यंत्रानं किणकिण करून तक्रार केली. मॅडम पडद्याकडे टक लावून बघत चावत होत्या, आणि रेघ जितकी लांब जाईल तितक्या खुशीत येत होत्या. दारात आक्काताईंनी तोंडात पदर कोंबला होता.

मूठ संपली तेव्हा मॅडमनी बोटांनी ओठ पुसले. “छान दिसतं की रे,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, मग मघाशी...”

“मघाशीही खोटं नव्हतं चावले. घरी मी तशीच जेवते.” त्या अगदी सहज सांगत होत्या, भूगोलाचा धडा सांगावा तशा. “लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे म्हणाले, तुझ्या चावण्याचा आवाज येतो. चिडून नाही रे, हसत म्हणाले. पण मी एकोणीस वर्षांची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून पोळी आमटीत बुडवून खाते, काकडी किसून खाते आणि दाणे शाळेत खाते. शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसायला बाया कुरकुर करतात. सत्तावीस वर्षं झाली. यांच्या लक्षातही नाही.”

पडद्यावर वेटोळी तशीच होती. छापायची कळ दाबली की कागदावर येणार, नाही दाबली की पुढच्या पेशंटला पुसली जाणार.

मॅडमना ते कळलं. त्यांनी सहीचं पान बघितलं, त्यावरचं उघडं पेन बघितलं. “छापू नकोस हवं तर,” त्या म्हणाल्या. “मला फक्त एकदा बघायचं होतं. तुझी पदवी आहे, तू ठरव. मी काही बोलणार नाही. मला सवय आहे.”

हे शेवटचं वाक्य त्या म्हणाल्या नसत्या तर मी कदाचित वाचलो असतो. मला डेपोतले पेढे आठवले, नाशिक आठवलं. आक्काताई दारात पदर तोंडातून काढून उभ्या होत्या. मी मनात स्वतःला चार शिव्या घातल्या आणि कळ दाबली. छपाईयंत्र करकरत सुरू झालं आणि त्याच वेळी जिन्यावर बूट वाजले.

सर आत आले ते खुशीत. डीनसाहेबांनी हैदराबादचा खर्च मंजूर केला होता. येताच त्यांचं लक्ष छपाईयंत्रातून लोंबणाऱ्या कागदाकडे गेलं. त्यांनी तो फाडून हातात घेतला.

“हा कुठला? गुरुवारचा राहिला होता का?”

मी संगणकाच्या कळा उगाच पुसायला लागलो.

“वा,” सर म्हणाले. “हा घे, कुमुद, बघ. बरं झालं सापडला, तुला फरक कळेल. हा पुरुषाचा जबडा.” त्यांनी पेन उचललं आणि टोकानं वेटोळं गिरवत समजावू लागले. “ही खोली बघ. हा बाजूचा रेटा बघ. इथं काही संकोच नाही, काही आडपडदा नाही. भूक लागली, खाल्लं. हे बळ निसर्गानं दिलेलं असतं, ते शिकवून येत नाही. हा धोंडिबाचा असणार, तोडकर. त्याच्याशिवाय एवढा जोर कुणाचा नाही.”

मॅडम डोक्यावर चौकट तशीच ठेवून शांतपणे ऐकत होत्या. सरांचं पूर्ण होऊ दिलं त्यांनी.

“माझा आहे तो,” त्या म्हणाल्या.

सर हसले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांनी उघड्या पुडीकडे बघितलं, मॅडमच्या पदरावर पडलेल्या टरफलांकडे बघितलं आणि कागदाच्या कोपऱ्यात यंत्रानं छापलेली तारीख आणि वेळ वाचली. एकदा वाचून पुन्हा वाचली.

“घरी तर तू अशी खात नाहीस,” ते म्हणाले.

“घरी तुम्ही असता.”

सरांनी मघाचा कागद आणि आत्ताचा कागद शेजारी शेजारी ठेवले. तीच बाई, तेच दात, तेच फुटाणे, मध्ये दहा मिनिटंसुद्धा नाहीत. ते स्टुलावर बसायला गेले आणि बसले नाहीत. त्या स्टुलाकडे त्यांनी जरा वेळ असं बघितलं, की जणू ते तिथं कुणी ठेवलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्यांची दया आली. त्या क्षणी मला माझीही येत होती.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

“चोवीस जणींना परत बोलवा,” ते आक्काताईंना म्हणाले. “वार तुम्ही ठरवा. यंत्र आणखी दोन महिने ठेवायला मी मुंबईला लिहितो. शिबिराचा तो कागद मी परत घेतो.”

“सर, माझी परीक्षा,” मी म्हणालो.

“एप्रिलला बस.” ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “तुझ्या वडिलांना मी स्वतः पत्र लिहीन. चूक माझी होती असं लिहीन.”

ते दोन्ही कागद घेऊन निघाले. दारापाशी थांबले, पण मागे वळले नाहीत.

“आणि तोडकर,” ते म्हणाले, “बायका येतील तेव्हा मी खोलीत नसेन.”